चौसष्ट अभिप्राय

बुधवारी सकाळपर्यंत आईच्या कादंबरीवर चौसष्ट अभिप्राय आले होते, आणि त्यांतले एकोणीस मोजपट्टीने आईला वाचून दाखवलेच नव्हते.

मोजपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सहा वर्षांची असताना ती हातात लाकडी पट्टी घेऊन घरभर हिंडायची आणि जे सापडेल ते मोजायची, अगदी झोपलेल्या बाबांचं नाकसुद्धा. बाबांनी तेव्हा हे नाव ठेवलं. पुढे ती रसायनशास्त्र शिकली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, बाबा गेले, पण नाव काही सुटलं नाही.

"पुढचं वाच," आई म्हणाली.

"‘हसून हसून पोट दुखलं. सासूबाईंना वाचायला दिलं तर त्या परत द्यायलाच तयार नाहीत.’ पाच तारे."

"त्याच्या पुढचं?"

मोजपट्टीने फोनवर अंगठा फिरवला. पुढचं दोन ताऱ्यांचं होतं. त्याच्या पुढचं एका ताऱ्याचं. तिने दोन्ही ओलांडली. "‘झकास. एका बैठकीत संपवली.’ चार तारे."

आईने चहाचा कप चाचपून टेबलावर ठेवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि रक्तातली साखर उतरेपर्यंत डॉक्टर डोळ्याला हात लावायला तयार नव्हते. समोरचा माणूस तिला धुक्यातल्या खांबासारखा दिसायचा. पण बत्तीस वर्षं कचेरीत टंकलेखन केलेल्या बाईला अक्षरं दिसावी लागत नाहीत. त्या धुक्यातच तिने वर्षभर बसून एकशे बारा मेल टाइप केले होते, आणि त्या एकशे बारा मेलचीच ती कादंबरी होती. सहाव्या मजल्यावर राहणारी एक फटकळ शिवणकामवाली बाई बंद पडलेल्या लिफ्टची तक्रार करते, लिफ्ट कंपनीचा दुरुस्तीवाला तिला उत्तर देतो, आणि एवढ्याशा भांडणातून शेवटी लग्न जमतं. नाव होतं ‘सहावा मजला, लिफ्ट बंद’.

"चौसष्ट माणसांनी वाचलं आणि एकाचंही तोंड वाकडं नाही?" आई म्हणाली. "माझ्या लग्नाला अडीचशे माणसं होती, त्यातली शंभर रुसून गेली होती."

"तुझं लग्न आणि तुझं पुस्तक यात फरक आहे."

"फारसा नाही," आई म्हणाली. "बरं, चार वाजता प्रकाशकबाईंचा फोन येणार आहे. त्या विचारणार, छापू का? मी काय सांगू?"

तीन आठवड्यांपूर्वी कादंबरी फक्त फोनवर वाचण्यापुरती निघाली होती. आता प्रकाशकबाई ती कागदावर छापायला तयार होत्या. आज आई ‘हो’ म्हणाली की संध्याकाळी फाइल छापखान्यात जाणार होती.

"हो म्हण," मोजपट्टी म्हणाली आणि डबा उचलून बाहेर पडली.

जिन्यावर मात्र ते एकोणीस अभिप्राय तिच्या मागे लागले. ते तिला पाठ झाले होते. एकोणिसांपैकी सतरा जणांनी एकच गोष्ट म्हटली होती, आणि एवढी माणसं स्वतंत्रपणे एकच आकडा सांगतात तेव्हा तो आकडा झटकून टाकता येत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकाने लिहिलं होतं, ‘बाई स्पष्ट सांगते की मला पुन्हा लिहू नका. तरी हा गृहस्थ तिला अकरा मेल पाठवतो, वर विनोद करतो. लेखिकेला यात गोड काय दिसलं?’ एका आईने लिहिलं होतं, ‘माझ्या मुलीला कुणी असं सतावलं असतं तर मी पोलिसांत गेले असते.’

खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचताना मोजपट्टीलाही तेच वाटलं होतं. पण आईचा जमानाच वेगळा, त्या काळी पुरुषांनी मागे लागायचं आणि बायकांनी लाजायचं, अशी तिने मनाची समजूत घातली. शिवाय त्या दुरुस्तीवाल्याची बोलायची तऱ्हा बाबांची होती. बाबांनी तीस वर्षं लिफ्टच दुरुस्त केल्या होत्या. ‘आई, तुझा नायक डोक्याला ताप आहे’ असं म्हणणं म्हणजे ते कुणाबद्दल म्हणायचं?

प्रयोगशाळेत ती कामाला लागली. काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब रसायन सोडायचं, खालच्या पाण्याचा रंग बदलला की थांबायचं. हे काम तिला फार आवडायचं, कारण रंग बदलला की बदलला, त्यात कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नसतो.

शेजारच्या टेबलावर चष्मिष होती. दोघी एकाच दिवशी नोकरीला लागलेल्या, पण पुस्तक कुणाच्या आईचं आहे हे मोजपट्टीने तिलाही सांगितलं नव्हतं. आईने टोपणनावाने लिहिलं होतं.

"अगं, ती लिफ्टवाली वाचलीस का तू?" चष्मिषने बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता विचारलं. "मी काल अर्ध्यावर टाकली."

मोजपट्टीने नळीची तोटी बंद केली. "का?"

"बाई झकास आहे. पण तो माणूस! मला त्याला त्याच्याच लिफ्टमध्ये कोंडावंसं वाटलं. ती नको म्हणते आणि हा आपला रोज सकाळी हजर. निर्लज्ज सदासुखी."

"शेवटी चांगला निघत असेल."

"शेवटपर्यंत थांबायला मी काय त्याची बायको आहे?"

तेवढ्यात मोठ्या बाई नोंदवही घेऊन आल्या. मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख. त्या ओरडत नसत, फक्त वही उघडून समोर ठेवत.

"ही नोंद कुणाची?"

"माझी," चष्मिष म्हणाली.

"विहिरीचा हा नमुना सोमवारच्या पानावर का चढवलाय?"

"बाई, बाटलीवर सोमवारचीच तारीख आहे. नमुना सोमवारीच घेतलाय त्यांनी."

"घेतला असेल हो. आपल्या हातात कधी पडला?"

"काल. मंगळवारी."

"मग सोमवारी या पाण्यात जंतू आहेत हे आपल्याला ठाऊक होतं का? उद्या कुणी हे पान उघडून म्हणेल, सोमवारी कळूनसुद्धा तुम्ही मंगळवारपर्यंत लोकांना पाणी पिऊ दिलंत! तारीख चुकीची नाही, पण पान चुकलंय. माणसाला जे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशीच त्याचा हिशोब मागता येतो."

मोठ्या बाई गेल्या. चष्मिष पुटपुटत खोडाखोड करू लागली.

मोजपट्टी तशीच उभी राहिली. तोटी केव्हा तरी पुन्हा उघडली गेली होती आणि खालचं पाणी गडद गुलाबी होऊन गेलं होतं. नमुना वाया गेला होता, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

आईने तिला एकशे बारा फाइली दिल्या होत्या, एकापासून पुढे क्रमांक टाकलेल्या. मोजपट्टीने त्या एकामागोमाग एक लावायला घेतल्या तर मेलवरच्या तारखा सगळ्या उलटसुलट. शनिवारनंतर सोमवार, मग पुन्हा गुरुवार. त्यात सतरा क्रमांकाच्या दोन फाइली. तिथेच तिची खात्री पटली की डोळ्यांमुळे आईचे क्रमांक चुकलेत. तिने आईला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आईला आपले डोळे गेले याची पुन्हा आठवण झाली असती. तिने निमूटपणे सगळे मेल तारखेप्रमाणे लावले, फाइलींना तारखांची नावं दिली, जुने क्रमांक पुसून टाकले आणि काम चोख झालं म्हणून त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन झोपली.

कादंबरीतला दुरुस्तीवाला आठवडाभर बाहेरगावी लिफ्टच्या कामावर असतो. तिथून तो मेल पाठवू शकतो, पण त्याला आलेले मेल कचेरीतल्या यंत्रावरच उघडतात, आणि कचेरीत तो शनिवारी येतो; हे पुस्तकात एकाच मेलात ओझरतं येऊन जातं. बाईने सोमवारी ‘मला पुन्हा लिहू नका’ म्हटलं, ते त्याला शनिवारी दिसलं. आईने तो मेल शनिवारीच ठेवला होता. तो कधी पाठवला याला आईच्या लेखी काही महत्त्व नव्हतं, त्याने तो कधी वाचला याला होतं.

मोजपट्टीने तो उचलून सोमवारी ठेवला. आणि त्या एका हालचालीने बाबांच्या जिभेचा एक भाबडा माणूस निर्लज्ज झाला.

"अगं, केवढी पांढरी पडलीस!" चष्मिष म्हणाली.

"मला अर्धी रजा हवीये."

घरी पोचायला तीन वाजले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत समोरच्या काकू आईशेजारी खुर्चीत बसल्या होत्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात फोन, आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचत होत्या.

"‘…मी पोलिसांत गेले असते.’ एक तारा. पुढचं वाचू का गं? की पुरे?"

"पुरे," आई म्हणाली.

मोजपट्टीला पाहताच काकू घाईघाईने उठल्या. "बाई गं, मला काय माहीत! ती म्हणाली सगळे वाच, मी सगळे वाचले. तुमचं दूध ठेवलंय मी गॅसवर, बघ," म्हणत त्या सटकल्या.

आई ताठ बसली होती. दोन्ही हात टेबलावर, बोटं टाइप करायला ठेवावीत तशी.

"एकोणीस," आई म्हणाली. "आंधळं दळतं आणि मोजपट्टी पीठ चाळते. वा!"

"आई, तुला वाईट वाटेल म्हणून…"

"मला आत्ता काय गुदगुल्या होतायत? तीन आठवडे मी गावभर सांगत फिरले, लोकांना आवडलं, लोकांना आवडलं. काकूंनासुद्धा. त्या बिचाऱ्या मघाशी वाचताना माझ्याकडे बघत नव्हत्या. मला दिसत नाही, पण तेवढं कळतं."

"आई, ऐक. त्या अभिप्रायांचं कारण…"

"कारण मला कळलंय. सतरा माणसं काही एकमेकांना विचारून लिहीत नाहीत." आईचा आवाज कापला, पण तिने तो लगेच सावरला. "मी तुझ्या बाबांना हसत हसत कागदावर उतरवायला गेले आणि झालं काय? लोकांना आपल्या मुली आठवल्या. पोलीस आठवले. माझाच हात वाईट, दुसरं काय. ते गेले, त्यांना बाजू मांडता येत नाही. निदान आणखी कुणी वाचणार नाही एवढं मी करू शकते."

मोजपट्टीने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं: मी क्रम बदलला. तीनच शब्द. पण ते म्हणायच्या आधी ती हातातला डबा उगाच फडताळात ठेवायला वळली.

आणि फोन वाजला. चारला अजून पंचावन्न मिनिटं होती.

आईने चाचपून फोन घेतला आणि नेहमीप्रमाणे आवाज मोठा केला. प्रकाशकबाईंचा आवाज खोलीभर झाला. "नमस्कार! जरा लवकरच करतेय. छापखानेवाले घाईला आलेत. मग, कळवू ना त्यांना?"

"नका कळवू," आई म्हणाली. "छापू नका. आणि फोनवर आहे तेही काढून टाका."

"म्हणजे?" प्रकाशकबाईंनी विचारलं. "अहो, चाळीसच्या वर लोकांनी चांगलं म्हटलंय! दोन-चार नाकं मुरडणारच."

"दोन-चार नाहीत, एकोणीस आहेत. आणि बरोबर आहेत ते. एवढं कराच माझं."

"थांबा," मोजपट्टी म्हणाली. फोनला म्हणाली की आईला, तिचं तिलाच कळलं नाही. "आईचं पुस्तक कुणी वाचलेलंच नाही. क्रम मी बदलला. आईने मेल तो उघडतो त्या क्रमाने लावले होते. मी पाठवल्याच्या तारखेने लावले. मला वाटलं आईचे क्रमांक चुकले."

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन चर्रर्र आवाज झाला. कुणी उठलं नाही.

"तरीच," शेवटी प्रकाशकबाई म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला, नायक फार चिकट वाटतो, आईंना विचारा. तुम्ही दुसऱ्या दिवशी कळवलंत, आई म्हणते तसाच राहू दे."

आईने मान मोजपट्टीच्या आवाजाच्या दिशेने वळवली. "मला विचारलंस?"

"नाही."

"बरं," आई म्हणाली. त्या ‘बरं’पेक्षा तिने एक ठेवून दिली असती तर बरं, असं मोजपट्टीला झालं.

"हे बघा," प्रकाशकबाई घाईने म्हणाल्या, "घरातलं तुम्ही घरात बघा. माझ्याकडे साडेसातपर्यंत वेळ आहे. तोवर नीट क्रमाची फाइल आली आणि मला पटली, तर छापू. नाही आली तर पुढचे तीन महिने यंत्र मोकळं नाही, आणि तीन महिन्यांनी काय होईल ते मला आज सांगता येत नाही. फोनवरचं मात्र काढलं तर त्याखालचे अभिप्रायही जातील. चांगलेसुद्धा, सगळे चौसष्ट."

"जाऊ देत," आई म्हणाली. "ते दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकावर आहेत."

आईने फोन ठेवला. मग म्हणाली, "जुने क्रमांक आहेत?"

"पुसले."

"शाब्बास. काही ठेवलंस का नाही मागे?"

"आई, सतरा क्रमांकाच्या दोन फाइली होत्या. त्यावरून मला वाटलं की…"

"दोन मेल एकाच क्षणी उघडले तर त्यांतला पहिला कुठला आणि दुसरा कुठला? सांग की, तू शास्त्र शिकलीस." आई थांबली. मग वेगळ्याच, हळू आवाजात तिने विचारलं, "तू वाचलंस तेव्हा तुला काय वाटलं होतं? त्याच्याबद्दल?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. मोजपट्टीने टेबलाची कड घट्ट धरली. "निर्लज्ज वाटला."

"तुझ्या बाबांसारखा बोलतो हे कळलं होतं?"

"पहिल्या पानापासून."

"आणि तरी तुला वाटलं की मी असा माणूस लिहीन. बाबा असे होते असं मी लिहीन. आणि तू एका शब्दाने विचारलं नाहीस." आईने डोळे मिटले. तिला उघडे काय, मिटलेले काय, पण मिटले. "अगं, उलट विचारायचं ना! आई, हे असं कसं, म्हणून भांडायचं. तू लहानपणी नाकंसुद्धा मोजल्याशिवाय सोडत नव्हतीस."

मोजपट्टी आत गेली, गॅस बंद केला, उतू गेलेलं दूध पुसलं, आणि संगणक उचलून आईसमोर आणून ठेवला. साडेतीन वाजले होते.

"मी पहिली ओळ वाचते. तू सांग कुठे जातो."

आईच्या होकाराची तिने वाट पाहिली नाही. मोजपट्टीने पहिली ओळ वाचली. मग आईची बोटं टेबलावर हलली, नसलेल्या कळांवर. "हा पहिलाच. पुढचा."

असं ते सुरू झालं. आईला क्रमांक आठवत नव्हते, पण तो माणूस आठवत होता. "शनिवारी तो आधी वरिष्ठांचे मेल उघडतो, मग तिचा. हा तिसरा घाल. नाही, थांब. आधी तो चहा आणायला जातो. मग चौथा." एका मेलवर ती पंधरा मिनिटं अडली, मोजपट्टीने तो चार ठिकाणी लावून चार वेळा वाचून दाखवला, आणि आईने चिडून पाचवीच जागा सांगितली. ती बरोबर निघाली. पाच वाजले, सव्वापाच वाजले. काकू दारातून डोकावल्या आणि न बोलता परत गेल्या. मोजपट्टी घड्याळाकडे बघायची, उरलेले मेल भागिले उरलेली मिनिटं करायची, आणि उत्तर आईला सांगायची नाही. मग तिला स्वतःचीच चीड आली.

"आई, या गतीने आठ वाजतील."

"मग भराभर वाच. सांगितलंस ते बरं केलंस."

सहाच्या सुमाराला त्या आठवड्याचे अकरा मेल आले, सगळे दुरुस्तीवाल्याचे, सगळे सलग, मध्ये बाईचा एक शब्द नाही. मोजपट्टीने ते मोठ्याने वाचले. ‘तुमचं उत्तर नाही, म्हणजे लिफ्ट सुरू झाली असावी. ती सुरू झाल्याचं मला वाईट वाटतंय, हे कृपया कंपनीला कळवू नये.’ मग आणखी एक, मग आणखी एक, दर वेळी थोडा जास्त आनंदात, थोडा जास्त भाबडा. मग शनिवार. आणि शनिवारी उघडलेला, सोमवारची तारीख असलेला बाईचा मेल: ‘मला पुन्हा लिहू नका.’

मोजपट्टी थांबली. तिने तो मेल मनातल्या मनात पुन्हा वाचला, त्या माणसाच्या जागी बसून.

"पुढे," आई म्हणाली.

पुढचा मेल त्याचाच होता, दोन ओळींचा. ‘मी अकरा मजले चढून गेलो आणि मग कळलं, इमारत सहाच मजल्यांची आहे. क्षमा करा. यापुढे लिहिणार नाही.’ आणि त्यानंतर, बाई आपणहून लिहीपर्यंत, त्याचा खरोखर एकही मेल नव्हता.

मोजपट्टीला हसू आलं. आधी नाकातून, मग आवरता आवरेना, आणि मधेच त्या हसण्याचं काहीतरी भलतंच होऊन डोळे भरून आले. आई मान एका बाजूला कलती करून ते ऐकत होती, शेवटपर्यंत, एखादा लांबचा आवाज ओळखायचा असावा तशी.

"चल," आई म्हणाली, "बाकीचे राहिलेत."

सात वाजून एकवीस मिनिटांनी फाइल गेली. सात चाळीसला प्रकाशकबाईंचा मेल आला, आणि मोजपट्टीने तो अक्षरही न गाळता वाचून दाखवला. त्यांनी लिहिलं होतं की सुरुवातीची वीस पानं जरा गोंधळात पाडतात, तारखा बघून वाचक अडखळेल, पण शनिवारपर्यंत आल्यावर त्या कचेरीत एकट्या बसून मोठ्याने हसल्या. फाइल छापखान्यात गेली आहे. जुनी प्रत उद्या सकाळी काढतील.

"गोंधळात पाडतात म्हणाल्या?" आईने विचारलं.

"हो. ‘जरा’ म्हणाल्यात."

आईने मान डोलावली. उठली, भिंतीला हात लावत खिडकीपाशी गेली. "पुस्तक निघालं की पुन्हा येतील अभिप्राय."

"मी रोज वाचून दाखवीन. सगळे. एक ताऱ्यापासून सुरुवात करून."

"नको," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग उरला नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. "अभिप्राय काकू वाचतील. मी सांगेन त्यांना. तू पुस्तक वाच. पहिल्यापासून, नीट. आणि वाचून झालं की तुला काय वाटलं ते मला सांग."

मोजपट्टीने संगणक पुन्हा उघडला आणि पहिला मेल समोर घेतला.